रुसका पाणघोडा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सासरच्या घरात काही बिघडलेलं दिसू नये, असा देवाने नियमच करायला हवा होता. हात शिवशिवतात हो! आणि या लिफ्टवाल्याचे तर जरा जास्तच. त्यात सासर अजून सासर झालेलं नव्हतं. बेकरीवाल्यांच्या लेकीने घरी लग्नाचं सांगितलं, आईने लगेच हो म्हटलं, आणि बाबा म्हणाले, "बघू." त्या 'बघू'वर सगळं अडलं होतं.

बघायची बाबांची रीतही निराळी. बेकरीच्या वरच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांशेजारी एक जुना टीव्ही आणि त्याला जोडलेला त्याहून जुना व्हिडिओ गेम. त्यात जाकीट घातलेला एक पाणघोडा डोक्यावर माशांची काचपेटी घेऊन छपराछपरांवरून मावशीकडे निघालेला. पुढचे पाय एका खेळाडूच्या हातात, मागचे दुसऱ्याच्या. वाटेत धुराडी शिंकतात, चंद्र त्याच्याकडे जाकीट मागतो. कोणी बनवला आणि काय खाऊन बनवला, देव जाणे! लेक मोठी झाली, बाजारात चकचकीत नवे गेम आले आणि गेले, पण दुपारी भट्टी निवली की हे घर याच्याचपुढे बसायचं. घरात येऊ पाहणाऱ्यालाही तिथेच बसवायचं.

पहिल्या भेटीत आई-बाबा खेळले आणि याने नुसतं पाहिलं.

"अहो, पाय उचला की!"

"तू उचल आधी! मला काय शिकवतेस?"

तिसऱ्या छपरावर पाणघोड्याने पेटी खाली ठेवली, सगळ्यांकडे पाठ फिरवली आणि फतकल मारली. काही केल्या उठेना. बाबा तर हसून हसून आडवे झाले.

"बिघडलाय तो. किती वर्षं असाच आहे," लेक डोळे पुसत म्हणाली. लिफ्टवाल्याच्या कानात तेवढं 'बिघडलाय' शिरलं.

पुढच्या खेपेला, सगळे खाली भट्टीपाशी असताना, याने स्क्रूड्रायव्हर काढला. दोन्ही कंट्रोलर उघडले, बटणांखालचं पीठ झटकलं, तारांची टोकं पुसली. सगळे वर आले तेव्हा छाती पुढे काढून बाबांना म्हणाला, "काका, दुरुस्त केलाय. आज मी बसू?"

बसला. एक तर पाहुणा, त्यातून मागणी घालायला आलेला. बाबांनी पाय उचलला की मगच हा उचलणार, बाबा अडखळले की हा थांबणार. पाणघोडा नाकासमोर चालत राहिला. छपरं संपली, मावशीचं दार आलं. मावशीने पेटी घेतली, 'आभारी आहे' म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

त्या दारापर्यंत आजवर कोणी पोचलंच नव्हतं. पण खोलीत कोणी हसलं नाही.

"संपला?" बाबा म्हणाले. "छान केलंत दुरुस्त." आणि चपला शोधायला लागले.

आपण शाबासकी घ्यायला गेलो आणि या माणसाचं दुपारचं हसू काढून घेतलं, हे लिफ्टवाल्याला कळलं. 'बघू'चं उत्तर त्याच्या डोळ्यांदेखत जिना उतरत होतं.

"तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?" लेक कडाडली.

"थांब, पुन्हा बिघडवतो!"

बोलायला काय जातंय! जन्मभर दुरुस्त्या केलेल्या माणसाला हवा तसा बिघाड करायला कोण शिकवणार? तार सैल केली तर पाणघोडा हलेना. घट्ट करून, दोन्ही कंट्रोलर मांडीवर घेऊन चालवला तर तुरुतुरु पळायला लागला. आईने बटणांत चिमूटभर पीठसुद्धा टाकून पाहिलं. छे!

"आण इकडे!" लेकीने एक कंट्रोलर हिसकावला. "मी पुढचे पाय!"

"अगं, हळू, आत्ताच तार..."

"तू मला सांगू नकोस! न विचारता उघडतोस काय!"

"तूच म्हणालीस ना बिघडलाय म्हणून!"

दोघंही तावातावाने बटणं बडवत होते. पाणघोड्याने पहिल्याच छपरावर पेटी ठेवली, पाठ फिरवली आणि फतकल मारली.

दोघांनी पडद्याकडे पाहिलं. मग लिफ्टवाला हळूच म्हणाला, "अगं, हा बिघडलेला नव्हताच. आपण भांडलो, पायांचा मेळ चुकला, की रुसतो हा. ज्याने बनवला त्यानेच असा बनवलाय!"

आरडाओरडा ऐकून बाबा वर परत आले होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, म्हणजे इतकी वर्षं आपण दोघं..." आणि तिला असं हसू फुटलं की ती पोत्यावरच बसली. बाबा दाराची चौकट धरून खोकेपर्यंत हसले.

मग त्यांनी लेकीच्या हातातला कंट्रोलर घेतला आणि लिफ्टवाल्याला ढोसून शेजारी बसले.

"सरक रे तिकडे. आणि हे बघ, इतकं सांभाळून घेत जाऊ नकोस मला. आयुष्य काढायचंय एकत्र, भांडत जा जरा."

"म्हणजे हो म्हणताय ना?" आईने विचारलं.

"मागचे पाय घे म्हणतोय की त्याला! आणखी काय ढोल बडवू?"

लिफ्टवाल्याने मागचे पाय घेतले, आणि सासऱ्यांची वाट न बघता पहिला पाय उचलला.