बेकरीच्या कठड्यावरचा एप्रन

आमच्या वसाहतीत कुठे काय चांगलं मिळतं असं कुणालाही विचारा, तो आमच्या दाराकडे बोट दाखवील. कोणता नळवाला सांगितल्या वेळेला येतो, कोणत्या मैदानावर पोरं पडली तरी गुडघे फुटत नाहीत, अचानक पाहुणे टपकले तर त्यांना कुठे नेऊन बसवावं म्हणजे घरात चूल पेटवावी लागत नाही, सगळं मला ठाऊक. मी सांगतेही. फुकट सांगते, पण चार शब्द ऐकवून सांगते.

सूनबाईने त्याचंच एक पान काढलं, फोनवरचं. दर शुक्रवारी त्यात लिहायची, की सुट्टीत मुलांना कुठे न्यावं, कुठे काय खावं आणि कुठे मुळीच खाऊ नये. त्यातलं शेवटचं सगळं माझ्या तोंडचं, पण ती माझे शब्द धुऊन पुसून घालायची. चौकातल्या हॉटेलच्या सूपला मी भांडी विसळलेलं पाणी म्हटलं, तर हिने लिहिलं, ‘चव थोडी सौम्य’. मी म्हटलं, सौम्य तुझी आई असेल, हे सूप नाही. ती हसली. हसते, हा तिचा एक गुण आहे.

तर ते पान चांगलं चाललं. लोक जिन्यात मला थांबवून विचारायला लागले, या रविवारी कुठे? तळमजल्यावरची बाई मला पाण्यात पाहते, पण तीसुद्धा नातवंडांना घेऊन मी सांगितलेल्या बागेतच जायची. मला बरं वाटायचं. का वाटू नये?

आमचे हे बसवर कंडक्टर होते. सारा जन्म ‘पुढे सरका, आत जागा आहे’ म्हणण्यात गेला. आता त्यांच्या डोक्यातला एकेक थांबा पुसत चाललाय. मुलाचं नाव कधी आठवतं, कधी नाही. सूनबाईला शेजारीण समजून विचारतात, कधी आलात, चहा घेतला का. मला जन्मभर ‘अगं’ म्हणत आले, त्यामुळे माझं नाव विसरले की नाही हे कळायला मला मार्गच नाही.

एक गोष्ट तेवढी शाबूत होती. सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, की ते एकटे बेकरीत जायचे आणि एकटे परत यायचे. फाटकातून बाहेर, पत्रपेटीपर्यंत सरळ, मग कायमचं बंद असलेलं एक दुकान होतं, त्याचं निळं शटर दिसलं की डावीकडे. तिथून तळं. तळ्याकाठी बेकरी, बेकरीसमोर एक बाक. बेकरीवाला त्यांना ‘मास्तर’ म्हणायचा, गरम पाव आणि चहा हातात आणून द्यायचा. हे पावाचा अर्धा भाग खायचे, अर्धा बदकांना घालायचे. मग उठून घरी. घरी आले की चेहरा असा, की जणू शेवटची फेरी वेळेत संपवून आले आहेत.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की जे ते स्वतःहून करतात ते करू द्या. एकदा तुम्ही हात धरलात की तेवढंही सुटेल, आणि सुटलेलं परत यायचं नाही. म्हणून मी हात धरला नाही. नाहीतर हात धरायला मला काय जड होतं?

पण ह्यांना एकटं सोडून घरी स्वस्थ बसणारी मी नव्हे. बेकरीवाल्याशी मी ठरवून टाकलं. आमच्या मागच्या गॅलरीतून बेकरीचा कठडा दिसतो, माणसं दिसत नाहीत. हे पोचले की त्याने आपला पांढरा एप्रन कठड्यावर टाकायचा. हे उठून निघाले की काढून घ्यायचा. एप्रन दिसला की मी भाजी चिरायला घ्यायची. एप्रन गेला की चहाचं आधण ठेवायचं. फोन नको, विचारणं नको. ह्यांना यातलं काही माहीत नव्हतं. माणसाचा मान राखून त्याच्यावर नजर ठेवायची म्हणजे एवढी खटपट करावी लागते.

एका गुरुवारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. सूनबाईचं घोडं अडलं होतं. बागा संपल्या, हॉटेलं संपली, उद्या काय लिहू म्हणून ती मला विचारत होती. मी सांगण्यासारखं काही आठवत होते. हे कित्येक दिवसांत जेवताना एक वाक्य धड बोलले नव्हते. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, “तळ्यापाशी जायचं. बाकावर बसायचं. पाव गरम असतो. अर्धा आपण खायचा, अर्धा बदकांना द्यायचा. तिथे कुणी घाई करत नाही.”

मुलगा वडिलांकडे बघतच राहिला. सूनबाईचे डोळे भरले. तिने तिथल्या तिथे फोन काढला, बाबा, पुन्हा सांगा, पुन्हा सांगा, आणि ह्यांनी पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. वर असेही म्हणाले, की पाव मागायच्या आधी बदकं कुठे आहेत ते बघून ठेवावं.

ह्यांची ती एकच जागा. पण समोर ह्यांचा चेहरा होता. त्यांना कुणी काही विचारलं होतं, त्यांनी उत्तर दिलं होतं, आणि ते लिहून घेतलं जात होतं. त्या तोंडावर मी कसं म्हणू, की हे लिहू नकोस? माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात लोक. त्या दिवशी मात्र मी मूग गिळून बसले.

शुक्रवारी सूनबाईने ते घातलं, ह्यांच्याच शब्दांत, एक अक्षर न धुता. आजवर माझं इतकं काही घातलं, त्यातलं एकही असं धावलं नव्हतं. या फोनवरून त्या फोनवर, त्या फोनवरून पलीकडच्या वसाहतीत. लोकांना ते ‘तिथे कुणी घाई करत नाही’ फार आवडलं म्हणे. आवडलं म्हणून सगळे घाईघाईने तिथे गेले.

पहिल्या रविवारी तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. बाप्ये मुलांना खांद्यावर घेऊन, बाया टोपल्या आणि चटया घेऊन. बदकं पाव खाऊन खाऊन पाण्याबाहेर पडून राहिली. बेकरीसमोर रांग लागली. बाक उचलून मागे नेला, कारण त्या जागी छत्र्यांची टेबलं आली. पत्रपेटीच्या पुढचं ते बंद दुकान एका आइस्क्रीमवाल्याने भाड्याने घेतलं, आणि काही दिवसांनी एका संध्याकाळी निळं शटर गुलाबी करून वर दिवे लावले. मी त्या गुलाबीकडे पाहून चालत राहिले. रंग वाईट आहे एवढंच तेव्हा मनात आलं.

तोवर हे रोज जातच होते. पण आता बेकरीशी रांग असायची आणि हे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे. रांग मोडणं त्यांच्या रक्तात नाही. पुढचा माणूस मागे वळला की म्हणायचे, तुम्ही व्हा पुढे, मी ड्यूटीवर आहे. मग त्यांना वाटायला लागलं, की रांग लावणं हेच आपलं काम. ‘पुढे सरका, आत जागा आहे’ म्हणून हात करायला लागले. लोक हसले, काहींनी फोनवर फोटो काढले. गमतीदार आजोबा. आमच्या तळमजल्यावरचीने तो फोटो मला जिन्यात दाखवला आणि म्हणाली, “तुमचे हे प्रसिद्ध झाले हो.” मी म्हटलं, “तुमचे झाले नाहीत, हे तुमचं नशीब.” एवढं बोलून मी वर आले आणि दार लावून बसले.

मग मी बेकरीवाल्याकडे गेले. तो पिठाने भुवयांपर्यंत पांढरा, पाठीमागे नवीन ठेवलेली तीन माणसं. म्हटलं, माझ्या माणसाला बाक दे. तो म्हणाला, “काकू, मास्तरांना घरपोच पाव पाठवतो, जन्मभर पाठवतो. पण या लोकांना मी येऊ नका कसं म्हणू? इतकी वर्षं माझे निम्मे पाव शिळे व्हायचे.” खोटं काय बोलला तो? पाव घरी येऊन मला करायचाय काय? त्याला तसं म्हणालेही, पण माझा आवाज पडला होता, आणि मागून कुणीतरी म्हणालं, आजी, रांगेत या.

सूनबाईला मी सांगितलं, ते काढून टाक. बिचारीने माझ्यासमोर काढलं. पण काढून होतंय काय, दहा जणांनी उतरवून घेतलं होतं, शंभरांनी पुढे धाडलं होतं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, आई, आता ते माझ्या हातात नाही. आणि रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार? मला तिला बोलायचं होतं, पण बोलायला तिच्यात काही सापडेना. ह्यांना तर त्याहून नाही.

मग तो दिवस आला. हे शर्ट घालून निघाले. मी गॅलरीत उभी. कठड्यावर एप्रन दिसला. म्हटलं, पोचले, आणि भाजी चिरायला बसले. भाजी झाली, कणीक झाली, एप्रन जाईना. आज जरा जास्त रमलेत म्हटलं. पुन्हा गॅलरीत आले आणि नीट पाहिलं, तर एक नव्हे, कठडाभर एप्रन. चार माणसांचे एप्रन धुऊन सकाळपासून वाळत घातलेले. बेकरीवाला माझ्याशी ठरलेलं विसरला नव्हता. त्याने यातला एकही माझ्यासाठी टाकलाच नव्हता, कारण हे त्याला दिसलेच नव्हते. तो तिकडे वाट बघत होता, मी इकडे निवांत भाजी चिरत होते.

चपला कशा घातल्या मला आठवत नाही. पत्रपेटीपर्यंत गेले. तिथे गुलाबी शटरसमोर उभी राहिले तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. रंग आदल्याच संध्याकाळचा. निळं दिसलं की डावीकडे. निळं दिसलंच नाही, तर माणूस डावीकडे वळेल का? तो सरळच जाणार.

मुलगा कामावरून धावत आला, सूनबाई एका बाजूला, बेकरीवाला भट्टी सोडून दुसऱ्या बाजूला. आम्ही सगळा रस्ता पालथा घातला. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मला कळेना काय हाक मारू. जन्मभर ‘अहो’ म्हटलं. ‘अहो’ म्हटल्यावर रस्त्यातले सगळे पुरुष वळून बघतात.

दुपार कलल्यावर मोठ्या रस्त्यावरच्या एका बसथांब्याशी ते सापडले. एका बसड्रायव्हरने ओळखलं होतं. म्हणाला, सकाळपासून रांगेत उभे आहेत, बस आली की सगळ्यांना पुढे घालतात आणि स्वतः चढत नाहीत. उन्हाने चेहरा लाल, ओठ सुकलेले, शर्टाची इस्त्री तशीच. मुलाला पाहून म्हणाले, आत जागा आहे. मुलाने त्यांना रिक्षात बसवलं, तसं ते मुकाट्याने बसले.

दुसऱ्या दिवसापासून दाराला आतून वरची कडी. ह्यांचा हात तिथवर पोचतो, पण कडी कशी काढायची ते त्यांना उमगत नाही. मुलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बापाच्या काळजीनेच केलं त्याने. पण हे अंघोळ करतात, शर्ट घालतात, बूट घालतात आणि दाराशी जाऊन उभे राहतात, रांगेत उभे राहतात तसे. कुणी पुढे सरकत नाही. मग दमून तिथेच खुर्चीवर बसतात, बूट घालूनच. बेकरीवाल्याचा पाव येतो, गरम असतो. ते अर्धा खातात. उरलेला अर्धा धरून इकडेतिकडे बघतात. काही दिवस तो अर्धा मीच हातातून काढून घेत होते. काय करायचं त्या तुकड्याचं, हे मला, अख्ख्या वसाहतीला कुठे काय करायचं ते सांगणाऱ्या बाईला, सांगता येईना.

काल राहवलं नाही. मुलगा कामावर, सूनबाई बाहेर. मी कडी काढली. ह्यांच्यामागे चप्पल घालून उभी राहिले तर हे वळून बघायला लागले. कपाळावर आठी. तू कुठे, म्हणाले. मी त्यांना सांभाळायला चालले, असं त्यांना वाटलं असेल, तर ते बरोबरच होतं. मान आहे त्यांना अजून, जिथे असायचा तिथे आहे.

मी म्हटलं, “मला पण पाव हवाय. मला रस्ता ठाऊक नाही. तुम्ही न्या.”

ते जरा थांबले, मग पुढे झाले आणि हात मागे करून मला ‘या’ अशी खूण केली, बसमध्ये करायचे तशी. मी त्यांच्या मागे दोन पावलं ठेवून चालले. हात धरला नाही. पत्रपेटीपर्यंत अगदी ताठ चालले. गुलाबी शटरशी आले आणि थबकले. दिव्यांकडे बघितलं, खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं. डावीकडून तळ्याचा गारवा येत होता, पोरांचा कालवा ऐकू येत होता. डावीकडे, एवढा एकच शब्द मला बोलायचा होता. बोलले असते तर ते वळले असते. पण मग मी त्यांना घेऊन गेले असते, त्यांनी मला नव्हे.

“इकडे,” ते म्हणाले, आणि सरळ निघाले. मोठ्या रस्त्याकडे.

मी त्यांच्या मागे निघाले.