वीस फुटी गाळासुर

आमच्या खात्याचं नाव सांगत नाही. पेन्शन अजून चालू आहे. एवढंच सांगते, की धरणं-कालवे बांधायचं ते खातं होतं, ऑफिस नागपुरात होतं आणि मी, प्रेमिला गजभिये, तिथे बावीस वर्षं ट्रेसर होते. इंजिनिअर लोक पेन्सिलीनं नकाशा काढत. त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून तोच नकाशा आम्ही शाईनं गिरवायचा. आमच्या कामाचा नियम एकच, ट्रेसरनं डोकं चालवायचं नाही. मूळ नकाशावर असेल ते उतरवायचं. एकदा मी एका साहेबांच्या चहाचा डाग इमानदारीनं गिरवला. खाली सह्या करणाऱ्या चौघांनीही त्याला तलावच मानलं आणि दोन वर्षांनी त्या तलावाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव मंजूर होऊन आला.

शहाऐंशी साली आमच्याकडे कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी मोठी खोली रिकामी झाली, खिडक्या बंद झाल्या, एसी बसला. एप्रिलच्या नागपुरात आम्ही माणसं कूलरसमोर घाम पुसत होतो आणि ते यंत्र शाल पांघरावी अशा थंडीत आरामात होतं. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. यंत्राच्या पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. त्याचा पुजारी रविंद्र नावाचा तरुण इंजिनिअर, पंधरा दिवसांचा कोर्स करून आलेला. मुलगा वाईट नव्हता, नुसता घाबरलेला होता.

यंत्रामागून एक फाइलही आली. तिच्यात लिहिलं होतं, की यंत्राला चित्र-नकाशे काढता येतात हे मंत्र्यांसमोर सिद्ध झालं, की ट्रेसरच्या दोन्ही जागा 'अतिरिक्त'. अतिरिक्त म्हणजे उचलून सिरोंच्याला पाठवणे. तिथे जायला दिवसभराची एसटी, आणि पावसाळ्यात नाले चढले की तीही बंद. दोन जागा म्हणजे मी आणि कांताबाई भोयर. माझी मुलगी दहावीत जाणार होती. कांताबाईला रिटायर व्हायला तीन वर्षं उरली होती; नवरा नव्हता, मुलगा जवळच खापरखेड्याच्या कॉलनीत राहायचा आणि दर रविवारी नातवाला पाहिल्याशिवाय तिचा आठवडा संपायचा नाही.

एक मेला कस्तुरचंद पार्कवर प्रदर्शन होतं, मंत्री येणार होते. आमचे मोठे साहेब मनोहरराव यांना आंघोळ करताना कल्पना सुचली. कालव्यातला गाळ हा शेतकऱ्याचा शत्रू. तो शत्रू राक्षसाच्या रूपात दाखवायचा, वीस फूट उंच आणि कॉम्प्युटरनं काढलेला. 'गाळासुर' हे नाव त्यांनीच ठेवलं आणि दोन दिवस ते स्वतःवर खूष होते.

कॉम्प्युटरला राक्षस माहीत नव्हता. रविंद्रलाही नव्हता. म्हणून साहेब माझ्या टेबलाशी आले.

"प्रेमिलाबाई, आलेखाच्या कागदावर एक राक्षस काढून द्या. काही चौकोन भरलेले, काही रिकामे. बाकी मशीन पाहून घेईल."

"मूळ कुठं आहे साहेब? गिरवू कशावरून?"

"राक्षसाचं कुठलं मूळ? मनानं काढा!"

बावीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. आधी मी घाबरले. मग इतका आनंद झाला, की तो दिसू नये म्हणून मी मान खाली घालून उगाच निब पुसत बसले.

मी धड घेतलं रेड्याचं, चिखलात लोळून उठलेल्या. तोंड मगरीचं. डोक्यावर केसांच्या जागी बेशरमाचं रान, कारण आमच्या कालव्यांत पाणी असो नसो, बेशरमाची झुडपं असतातच. पोट दोन्ही काठांवरून सांडलेलं. एका हातात फावडं दिलं, कोरं करकरीत, कधी न वापरलेलं. हे फावडं कशाला, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, खात्याची आठवण म्हणून. ते म्हणाले, छान.

रविंद्रनं सहा दिवस खपून ते चौकोन एकेक ओळ करून मशीनमध्ये भरले. भरल्या चौकोनाला इंग्रजी एक्स, रिकाम्याला मोकळी जागा. मग बाजूला भोकं असलेल्या कागदावर प्रिंटर कर्रर्र करत निघाला आणि आम्ही सगळे चपला काढून बघायला जमलो. गाळासुर बाहेर आला तो हातभर लांब आणि काडीसारखा बारीक. छापलेलं अक्षर रुंदीपेक्षा उंच असतं, हे कोर्समध्ये सांगायचं राहून गेलं होतं. रेडा ताणून त्याचा उंट झाला होता. गाळ खाऊन माजलेला राक्षस दुष्काळी कामावरून आल्यासारखा दिसत होता.

साहेबांनी दार लावून घेतलं.

"प्रेमिलाबाई, कांताबाई, हा तुम्ही हातानं करायचा. वीस फूट मांजरपाटावर. पण हातानं केलेला वाटता कामा नये. रेघ गोल नको, पायऱ्या-पायऱ्यांची पाहिजे, मशीनसारखी. समोर प्रिंटर चालेल, रविंद्र बटण दाबेल आणि मागचा पडदा पडेल. चांगला झाला, तर तुमच्या फाइलीचं मी बघतो."

साहेब 'करतो' म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. 'बघतो' म्हणजे काय, ते बावीस वर्षांत शिकले होते.

तर आम्ही दोघी त्या एसीच्या खोलीत फरशीवर बसलो. मशीनचं नाव राखण्यासाठी का होईना, थंड हवा मिळाली. कापडावर आधी दोन-दोन इंचांचे चौकोन आखले. आडवे बहात्तर, उभे एकशेवीस. मग आलेखाच्या कागदावरचा एकेक चौकोन मोजून ब्रशनं काळा भरायचा. सिनेमाची पोस्टरं रंगवणारे असंच करतात; फरक एवढाच, की ते शेवटी चौकोन पुसतात आणि आम्हाला ते मिरवायचे होते. जवळून नुसत्या काळ्या फरश्या दिसत. खुर्चीवर चढून पाहिलं, की त्यातून मगरीचे दात वर यायचे. दिवसातून दहा वेळा मी खुर्चीवर चढायची.

आठव्या दिवशी डोळ्यांपाशी आलो. कांताबाईनं ब्रश खाली ठेवला.

"अवं प्रेमिला, तुले अक्कल हाये का नाई? आपलाच खड्डा खोदून राहिलो आपण. हा चांगला झाला, की मशीन पास अन् आपण सिरोंच्याले."

"साहेब बघतो म्हणाले ना."

"साहेबानं आजवर काय बघितलं? तू डोळा वाकडा काढ. एक इकडे, एक तिकडे, नाक घसरलेलं. लोकं हासतीन. मंत्री म्हणन, कशाले आणलं हे मशीन? आपल्याले कोण पकडते? मशीननं काढलं नं!"

यात मला एकही चूक सापडली नाही. मी डावा डोळा चार चौकोन खाली सरकवला. राक्षस लगेच बावळट दिसायला लागला, ऑफिसात उशिरा आलेल्या बाबूसारखा. कांताबाई पोट धरून हसली. मीही हसले. घरी जाऊन भाकऱ्या थापल्या, मुलीचं गणित तपासलं आणि सगळा वेळ तो डोळा माझ्यासमोर होता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिस उघडायच्या आधीच पोचले. पांढऱ्या रंगानं चार चौकोन पुसले आणि डोळा जागेवर नेला. वर आणखी दोन चौकोन रिकामे ठेवून बुबुळात उजेड दिला, त्याबरोबर तो माझ्याकडे पाहायला लागला. मला कळत होतं मी काय करते आहे. त्यात माझ्याबरोबर कांताबाईही बुडत होती, हेही कळत होतं. पण आयुष्यात एकदाच मनानं काढलेली गोष्ट मला मुद्दाम बिघडवता आली नाही. याला कला म्हणतात की माज, मला ठाऊक नाही.

कांताबाई आली, खुर्चीवर चढली, खाली उतरली. उरलेले तीन दिवस तिनं माझ्या शेजारी बसून चौकोन भरले, एकही रेषेबाहेर गेला नाही आणि एकही शब्द तोंडातून निघाला नाही.

एक मेच्या संध्याकाळी प्रिंटर कर्रर्र वाजला, रविंद्रनं घामेजल्या बोटानं बटण दाबलं आणि पडदा पडला. पुढची पोरं किंचाळून मागे पळाली. सावनेरकडचा एक म्हातारा शेतकरी लांबूनच विचारत होता, "हा खाते काय गा?" गर्दीत मागे उभी राहून मी ऐकत होते, लोक म्हणत होते, काय मशीन आहे, वा! मला आनंदानं रडू येत होतं. मूर्ख बाई.

मंत्री खूष झाले. "एका बटणात निघते हे? मग या ट्रेसर कशाला?" साहेबांच्या बॅगेत फाइल योगायोगानं होतीच, पेनही होतं. मंत्र्यांनी स्टेजवरच सही केली. टाळ्या पडल्या. राक्षस आम्हा दोघींकडे बघत होता, अगदी सरळ डोळ्यांनी.

चौथ्या दिवशी मुंबईहून फोन आला. गाळासुर फार आवडला, तीस जिल्ह्यांना तीस प्रती आठ दिवसांत पाठवा, तुम्हाला काय, बटणच दाबायचं आहे. साहेब म्हणाले, होय सर. मग आमच्या खोलीत आले. आम्ही सामान बांधत होतो.

"तुम्हाला असं कसं जाऊ देईन? मार्ग काढला आहे. कांताबाई, तुम्हाला आवक-जावकमध्ये घेतो. आणि प्रेमिलाबाई, कॉम्प्युटर खोलीत सफाईची जागा रिकामी आहे. हलकं काम. सकाळी झाडून-पुसून घ्यायचं आणि उरलेल्या वेळात दोघींनी ते... राक्षस."

"कांताबाईले आवक-जावक अन् मले झाडू," मी म्हटलं. "काहून साहेब?"

"अहो, तुम्ही उलटं समजून राहिल्या. मी आपला सोयीचं पाहिलं."

माझा बाप धोंडबा रामटेकजवळच्या एका खेड्यात पाटलाचं अंगण झाडायचा. छप्पन साली नागपूरला येऊन त्यानं धम्म घेतला, गावी परतला आणि दुसऱ्या दिवशी अंगण झाडायला गेला नाही. त्यापायी वर्षभर आम्हाला गावात कोणी काम दिलं नाही. त्यानं मला शाळेत घातलं, ट्रेसरच्या परीक्षेला बसवलं, आणि माझ्या हातात पहिल्यांदा शाईचं पेन पाहिलं तेव्हा तो माणूस आनंदाच्या भरात दिवसभर जेवला नव्हता. हे साहेबांना सांगावंसं वाटलं. मग वाटलं, त्यांना कशाला?

"सिरोंच्याची ऑर्डर द्या साहेब," मी म्हटलं.

"आणि राक्षस?"

"बटण हाये नं तुमच्याजवळ."

साहेब कांताबाईकडे वळले, गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही तरी समजदार आहात."

कांताबाईनं ट्रंकेचं झाकण दाबलं, कडी लावली.

"मलेही सिरोंच्याचीच द्या."

"अहो, तीन वर्षं राहिली तुमची! नातू आहे इथे!"

"हाये. येईन सुट्टीत." मग आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. "पण या बाईशी माझं लय मोठं भांडण राहिलं हाये, साहेब. ते चिठ्ठीतून नाई होत."