वाफ देणारी तपेली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी तपेली आहे. पोटाने रुंद, गळ्याशी अरुंद आणि एका अंगाला चेपलेली. हा पोचा मला कसा पडला, तेच आज सांगते.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि घरी शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला विकत घेतलं. घर दोन खोल्यांचं. नवरा छापखान्यात कामाला, मोठी मुलगी शाळेत जाणारी आणि धाकटी अजून मांडीवरची. तिला सगळे पिटुकली म्हणत.

माझं काम एकच. कुणाला सर्दी झाली की माझ्यात पाणी उकळायचं, मला स्टुलावर ठेवायचं आणि डोक्यावरून चादर घेऊन माझ्यावर वाकायचं. आतल्या अंधारात फक्त मी आणि तो माणूस. त्यामुळे मी घरच्यांना चेहऱ्यापेक्षा श्वासावरून ओळखू लागले. बाबांचा श्वास करवतीसारखा, आईचा तुटक, मोठीचा घाईचा. नाक मोकळं झालं की बाबा म्हणत, "डॉक्टर गेला उडत, आपली तपेली बरी." मी फुशारून जायचे.

त्या वर्षी थंडीत बाबा छापखान्यातून शिंकतच घरी आले. सर्दीने घरात मुक्कामच ठोकला. मग आई पडली, मग मोठी. शिवणयंत्र बंद, लोकांचे कपडे अर्धवट, जो तो कण्हतोय. आणि एका सकाळी पिटुकलीचं अंग तापलं.

"साधी सर्दी आहे," बाबा म्हणाले. "वाफ दे, उतरेल."

"दूध घेत नाहीये हो ती."

"नाक चोंदलंय, म्हणून."

आईने तिला मांडीवर घेतलं, मला जवळ ओढलं आणि वरून चादर पांघरली. तेव्हा मी तो श्वास ऐकला. इतका भरभर श्वास मी कधीच ऐकला नव्हता. आत बारीक शिट्टी वाजत होती आणि दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. मला ओरडावंसं वाटलं. पण भांड्याला तोंड असतं, जीभ नसते. मी नुसती वाफ सोडत राहिले आणि त्या वाफेने तिचा जीव आणखीच घाबरा होत गेला.

पिटुकलीने हात झाडला. मी कलंडले. उकळतं पाणी तिच्या अंगावर जाणार, तोच आईने आपला हात मध्ये घातला. पाणी आईच्या मनगटावर सांडलं, मी फरशीवर आपटून चेपले, चादर बाजूला पडली. आई हाताकडे बघतच नव्हती. खिडकीच्या उजेडात पिटुकलीचे ओठ निळसर दिसत होते.

"चला," आई म्हणाली.

बाबांनी चपलासुद्धा घातल्या नाहीत.

मोठीला शेजारच्या काकूंनी नेलं. घर सुनं झालं. मी कॉटखाली पडून होते. जिन्यात पाऊल वाजलं की वाटे, आता कुणीतरी रडत येणार. एकदा बाबा दवाखान्यात कपडे न्यायला आले. मी त्यांच्या पायाला लागले. त्यांनी मला उचललं नाही, फक्त भिंतीकडे सरकवलं. मला वाटलं, संपलं सगळं.

शेवटी पिटुकली आली. आईच्या खांद्यावर, पार वाळलेली, पण टकमक बघत. आईच्या हाताला पट्टी होती.

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या?" काकूंनी विचारलं.

"आजार छातीत उतरला होता. म्हणाल्या, आणखी उशीर केला असता तर कठीण होतं. आणि एवढ्याशा जिवाला उकळत्या पाण्याजवळ न्यायचंच नसतं."

"साधी सर्दी, मीच म्हणालो होतो," बाबा दारातूनच म्हणाले.

तेव्हापासून मी माळ्यावर असते. मोठ्यांपैकी कुणाला वाफ हवी असली, तरच मला खाली काढतात. पण खाली कुणी खोकलं की मी अजूनही कान टवकारते.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा सांगतात, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. मी थोडा आराम देते, जीव वाचवू शकत नाही. तुमच्या घरातलं लहानगं आजारी पडलं, तर त्याच्या छातीशी कान न्या आणि श्वास ऐका. तो भरभर चालू लागला, बाळ दूध घेईनासं झालं, तर मला माळ्यावरच राहू द्या. तुम्ही डॉक्टरांकडे धावा.