दुखणं दगूबाईचं

धानोऱ्याच्या दगूबाईनं मूळव्याध दोन वर्षं लपवली. मिरचीचे देठ खुडायला बसलं की जीव नकोसा व्हायचा. एक दिवस लुगड्याला डाग पडला, सून काजलनं तो पाहिला आणि संध्याकाळपर्यंत घरभर झालं. मुलगा धर्मेंद्र ओट्यावर उभा राहून मामाला फोनवर सगळं सांगत होता, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. दगूबाईला वाटलं, विहीर जवळ करावी.

मग मामानं खापर गावचा जडीबुटीवाला सांगितला, शेजारच्या कमलबाईनं सुरण. सगळं करून झालं. रक्त काही थांबेना, पाण्याची कळशी उचलतानाही धाप लागायला लागली.

शेवटी नंदुरबारला सर्जनकडे नेलं. तपासणी झाली, आणि ती पडद्याआड लुगडं सावरते तोवर बाहेर डॉक्टर आणि धर्मेंद्रनं बोलणं सुरूही केलं.

“लेझरच करी टाका, डॉक्टर. मी मोबाइलमा पाहेल शे,” धर्मेंद्र म्हणत होता.

दगूबाईचा संताप उसळला. ती तशीच बाहेर आली.

“दुखनं मन्हं शे, आनी इचारतस याले?”

“माय, तुले काय समजस त्यामा?”

“समजाडा तं समजसू!”

डॉक्टर ओशाळले. खुर्ची तिच्याकडे वळवून म्हणाले, “मावशी, तुमचे कोंब हातानं आत ढकलावे लागतात, फार मोठे झालेत. रबराची रिंग घालून सुकवायचे म्हटलं तर ते त्यांना पुरणार नाही. लेझरनं जाळले किंवा स्टेपलरनं आतून टाचले तर दुखेल कमी, पण पुन्हा होण्याची भीती जास्त. कापून काढले तर दोन-तीन आठवडे चांगलंच दुखेल, पण सहसा परत होत नाही.”

“मंग कापी टाका. पुन्हा कोनाम्होरे लुगडं वर करनं नही माले.”

धर्मेंद्र रुसला. रक्ताच्या बाटल्या चढवून डॉक्टरांनी ऑपरेशन केलं.

पहिल्यांदा शौचाला बसली तेव्हा दगूबाईनं भिंत नखांनी ओरबाडली; डॉक्टरला, लेकाला, स्वतःलाही शिव्या घातल्या. कोमट पाण्याच्या टबात बसून रोज रडली. भेटायला येणाऱ्या बायका दारातूनच “लेझर का नही कयं?” विचारायच्या, तेव्हा तर तिला टब उचलून फेकावासा वाटे.

महिना होत आला तेव्हा दुखणं उतरलं. एका दुपारी ती पंगतीत मांडी घालून बसली आणि पोटभर जेवली. “आते कसं वाटस, माय?” धर्मेंद्रनं विचारलं.

“आते इचारस का?” ती म्हणाली आणि आणखी एक भाकरी मागितली.