गंगेचा गडू

मी कुणाला बाटवीन असं कुणी म्हणालं असतं, तर त्याला दारातूनच हाकलून दिलं असतं. मी मूळची वसईची. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या गोष्टी ऐकत वाढले. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत तीस वर्षं काढली, तरी देवापुढे दिवा लावल्याशिवाय चहाला हात लावत नाही.

आणि शेजारीण कोण मिळाली? सुमी नाकागावा. ऐंशीची जपानी बाई, इतिहासाची रिटायर्ड टीचर, एक नंबरची हट्टी. त्या वयात तिला ख्रिस्ती व्हायचं होतं. ईस्टरचा मुहूर्तही ठरला होता. हे काय भलतंच खूळ, असं मी तोंडावर विचारलं. तर तिने चारशे वर्षांपूर्वीच्या एका जपानी सरदारणीची हकिगत सांगितली. नवऱ्याने घराबाहेर पाऊल टाकायला बंदी केलेली. एकदाच ही लपतछपत चर्चमध्ये गेली आणि तिथल्या माणसाशी चांगला वाद घालून आली. पुन्हा काही बाहेर पडता येईना. मग तिच्या सेवेतली एक बाई हिचे प्रश्न न्यायची, उत्तरं आणायची. शेवटी त्या बाईने स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि घरी येऊन आपल्या हाताने मालकिणीलाही दिला. धर्म राहू दे बाजूला, त्या दोघींच्या हिमतीला मी मनातल्या मनात हात जोडले.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत सुमीबाईंचं हार्ट थकलं. तिच्या घरी येणारी नर्स म्हणाली, आजचा दिवस निघेल असं वाटत नाही. बाहेर बर्फाचं वादळ, तिच्या चर्चच्या फादरची गाडी हायवेवर अडकलेली. त्यांनी फोनवर मलाच बाप्तिस्मा द्यायला सांगितलं. अशा वेळी हिंदू बाईनेही दिलेला चालतो म्हणे. चर्च जे करतं तेच करायचं मनात धरा, डोक्यावर पाणी ओता आणि एवढे शब्द म्हणा.

मी नाहीच म्हणणार होते. तेवढ्यात सुमीबाईंनी डोळे उघडले.

"शोभा, मलाही बाहेर जाता येत नाही. तूच आहेस."

किचनमध्ये गेले, नळ सोडला, आणि मन धजेना. जाणाऱ्या माणसाला नळाचं पाणी? धावत घरी आले. आईने काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू देव्हाऱ्यात होता, माझ्या शेवटच्या घोटासाठी जपलेला. सुरीने सील फोडलं. आमचे हे, चंद्रशेखर, बघतच राहिले.

पाणी ओतताना फादरचे इंग्रजी शब्द पार विसरले. वसईत मैत्रिणीच्या भाच्याच्या बाप्तिस्म्याला ऐकलेले तोंडात आले. "सुमी, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." तिला एक अक्षर कळलं नसेल, पण तिने माझा ओला हात घट्ट धरला. मला रडूच कोसळलं. संध्याकाळी ती गेली.

दुसऱ्या दिवशी फादर आले. मी भीतभीत गंगेचं आणि मराठीचं सांगून टाकलं. ते म्हणाले, पाणी होतं ना, शब्द तेच होते ना, मग झालं.

घरी यांनी देव्हाऱ्यातला गडू उचलून बघितला. भरलेलाच होता.

"अगं, हे कुठून आणलंस?"

"सुमीबाईंच्या नळाचं आहे," मी म्हटलं. "माझ्या वेळी हेच घाला."