सहा इंच उंच नेट

मिरकरवाड्याच्या अयूब मुकादमची कौसर टेनिसमध्ये जगात तीनशे बारावी होती, तेव्हा रत्नागिरीकरांना एकच प्रश्न पडे: बाकीच्या तीनशे अकरा कोण, आणि त्यांची गरज काय?

एकतिसाव्या वर्षी गुडघ्याने नकार दिला आणि कौसर खेळ थांबवून घरी यायला निघाली. अयूब मात्र आठवडाभर नीट जेवला नव्हता. कारण होतं आमच्या टेनिस क्लबचं नेट.

ते चोवीस वर्षांपूर्वी फाटलं. सेक्रेटरी मी तेव्हाही होतो, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. ट्रॉलरची जाळी विणणाऱ्या अयूबला मी बोलावलं. सोबत सात वर्षांची कौसर आली. अयूबने नेट असं विणलं की त्यात सुरमईसुद्धा आनंदाने अडकली असती. मग त्याचं लक्ष मधल्या पांढऱ्या पट्ट्याकडे गेलं. हा पट्टा नेटला मध्ये खाली ओढून धरतो.

"सेक्रेटरी, हे पोटात पडलंय," तो म्हणाला. "असं जाळं बंदरावर दिसलं तर लोक माझ्या बापाचा उद्धार करतील."

त्याने पट्टा सोडला आणि नेट या खांबापासून त्या खांबापर्यंत तारेसारखं ताणून बांधलं. क्लबात कुणालाच फरक कळला नाही. आमचे चेंडू आधीही पलीकडे जात नव्हते. त्या नेटवर कौसर शिकली.

गेल्या आठवड्यात स्पर्धेसाठी एक निरीक्षक आले. त्यांनी टेप लावली.

"मध्ये सहा इंच जास्त आहे. पट्टा कुठाय?"

पट्टा चोवीस वर्षं अयूबच्या हत्यारांच्या डब्याला बांधलेला होता. त्याने तो सोडून आणला आणि नेटला लावला.

"पोरीचं मी वाटोळं केलं," तो मला म्हणाला. "नाहीतर पहिली आली असती."

"निदान दोनशेवी," मी धीर दिला. त्याने काही तो घेतला नाही.

कौसर आली त्याच संध्याकाळी कोर्टावर गेली. अयूब नेटजवळ उभा राहिला, गुन्हेगारासारखा. त्याने सगळं सांगितलं.

"अब्बा, मला चौदाव्या वर्षापासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "पुण्याला शिकायला गेले, तर पहिल्याच दिवशी मी सरांना म्हटलं, तुमचं नेट पोटात पडलंय."

"मग बोललीस का नाहीस गं?"

"बोलले असते तर तुम्ही पुण्याला येऊन तेही ताणलं असतंत."

अयूबला हे नाकारता येईना.

"पण तू हरायचीस..."

"सर्व्हिसमुळे. ती काय तुम्ही शिकवली होती? सतरा वर्षांत माझा चेंडू नेटमध्ये अडकलेला कुणी फारसा बघितला नाही. समोरच्या पोरी वैतागायच्या. मला विचारायच्या, शिकलीस कुठे? मी सांगायचे, आमचं नेट अब्बांनी विणलंय."

अयूबने रुमाल काढला आणि डोळ्यांऐवजी नेटचा खांब पुसला.

"उद्यापासून इथे मुलींना शिकवणार आहे मी," कौसर म्हणाली. "तेवढा पट्टा काढा."

अयूबने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. त्याने पट्टा सोडला, दोरी ताणली, नेटवर टिचकी मारून आवाज ऐकला आणि आठवड्यात पहिल्यांदाच विचारलं, "घरी जेवायला काय केलंय?"

निरीक्षक येणार असले की आम्ही पट्टा लावतो. तो लागेपर्यंत त्यांना फाटकाशी चहा देण्याचं काम माझ्याकडे आहे.