रिकाम्या गाडीचं दार

लेकीच्या कोठारात राहायला येऊन अनसूयाबाईंना चौथा दिवस होता आणि मागचं दार रोज वीतभर ठेंगणं होत होतं. आल्या तेव्हा ते कपाळाच्या उंचीचं होतं. आता कमरेला आलं होतं.

इंग्लंडातलं ते कोठार तीनशे वर्षांचं. विभावरीनं ते विकत घेऊन त्याचं घर केलं होतं. ओकाच्या तुळया, डांबर लावलेल्या फळ्यांच्या भिंती, आणि घुबडानं आत येऊन उंदीर धरावेत म्हणून आढ्याखाली ठेवलेलं गोल भोक. कोठार पाच खणांचं आहे असं लेकीनं फोनवर सांगितलं, तेव्हा अनसूयाबाईंना बरं वाटलं होतं. माहेरचं घरही खणांतच मोजत. आता खण नऊ झाले होते. कप घेऊन मागच्या दारापर्यंत चालत गेलं की चहा निवायचा.

पुढचं दार चांगलं दोन पुरुष उंच होतं, पण त्यातून बाहेर पाऊल टाकलं की त्या आतच येत. तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा तर चपला हातात घेऊन.

विभावरीनं जुनी कोठारं दुरुस्त करणाऱ्या हॅरल्ड सुताराला बोलावलं. त्यानं टेप लावून दार मोजलं, मग अनसूयाबाईंना मोजलं. दोन दारांच्या मधोमध मळणीची जमीन असे, त्यानं सांगितलं. पेंढ्यांनी लादलेली गाडी पुढच्या उंच दारातून आत येई आणि रिकामी होऊन मागच्या बुटक्या दारातून जाई. दोन्ही दारं उघडली की वारा खेळे, त्यावर उफणणी होई.

"दार बरोबर आहे," तो म्हणाला. "बाई भरलेल्या आहेत."

"कशानं?" विभावरीनं विचारलं.

"मी सुतार आहे."

चहा पिऊन तो मागच्याच दारातून गेला. त्याला वाकावंही लागलं नाही.

दुपारी दोन्ही दारं बंद असताना वारा सुटला. त्याच्याबरोबर भुसा आला आणि अनसूयाबाईंच्या पदरावर बसला. त्या देशात ज्वारी पिकत नाही, पण भुसा ज्वारीचा होता. कोणत्या सालची ज्वारी, तेही त्यांनी ओळखलं.

त्या वर्षी त्या चौदाच्या होत्या. खळ्यावरची दोन पायल्या ज्वारी त्यांनी गुपचूप कासाराला दिली आणि दीड डझन पिवळ्या बांगड्या भरून घेतल्या. रास कमी भरली. वडिलांनी, आबांनी, उफणणाऱ्या ठकूबाईला सगळ्यांसमोर उभं केलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "ओटी झाड." ओटीतून मूठभर दाणे पडले. ते तिच्या हक्काचे, वेचून घेतलेले. पण तेवढे पुरले. संध्याकाळच्या आत ठकूबाईनं गाव सोडलं. अनसूया हात पाठीमागे धरून उभी होती.

पुढे प्रामाणिकपणा शिकवायला त्यांनी हीच गोष्ट विभावरीला झोपताना सांगितली. कितीतरी वेळा. गोष्टीत चोर ठकूबाईच होती.

विभावरी मटार सोलत बसली होती. टेबल आता तीन खण लांब गेलं होतं, त्यामुळे अनसूयाबाईंना मोठ्यानं बोलावं लागलं.

"ठकूनं चोरी केली नव्हती."

"मग कोणी?"

"मी."

विभावरीचे हात थांबले. "मी ती गोष्ट माझ्या मुलींना सांगते, आई. परवाच सांगितली."

अनसूयाबाईंनी हात पाठीमागे घेतले. मनगटं किणकिणली. पाहायची गरज नव्हती, पण विभावरी उठून मागे आली आणि तिनं पाहिलं. लेकीसमोर एवढ्या लहान त्या कधीच झाल्या नव्हत्या.

विभावरीनं त्यांना दंडाला धरून सगळे खण चालवत मागच्या दाराशी नेलं. दार गुडघ्याइतकं उरलं होतं.

"ओटी झाड, आई," ती आवाज न चढवता म्हणाली.

अनसूयाबाईंनी खोचलेला पदर सोडला. ज्वारी पडू लागली. आधी मूठभर, मग पायलीभर, मग मोजदाद राहिली नाही. दाणे त्यांच्या पावलांवर चढले, पोटऱ्यांवर चढले. दाराखालच्या फटीतून एक सूप आत आलं, काठोकाठ भरलं आणि मागे गेलं. धरणारे हात म्हातारे होते, बांगड्या नसलेले. पलीकडे कोणीतरी शांतपणे पाखडत होतं.

सूप पुन्हा आलं, रिकामं. अनसूयाबाई वाकल्या आणि ओटी झाडत राहिल्या.